दिवाळीत गावाकडं सगळी लेकरं जमायलीत, घरातल्या-रानातल्या सामानातून सजावट काय करता येईल?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही संभाजीनगरला राहतो, दिवाळीला सासरी जायलोत, गंगाखेडच्या जवळ गाव आहे. यंदा नणंदेची, जावेची आणि आमची मिळून आठ-दहा लेकरं एकाच वाड्यात राहणार, सगळ्यात लहान चार वर्षांचं आणि मोठा नववीत. माळवदावर चढल्याशिवाय तिकडं मोबाईलला रेंज नाही, ते एका अर्थी बरंच, पण मग दिवसभर यांना काय उद्योग लावायचा? म्हणून म्हणलं यावेळी घराची सजावट लेकरांकडूनच करून घ्यावी.

अट अशी की विकत काही आणायचं नाही. गावातल्या दुकानात निस्तं प्लास्टिकची तोरणं आणि चायनीज माळा, त्या दरवर्षी पाडव्यापर्यंत तुटतात आणि मग वर्षभर परसात उडत राहतात. थर्माकोलवर तर २०१८ पासून बंदीच आहे, तरी कुठून येतो देव जाणे. घरी काय आहे ते सांगते, गोठ्यात कडबा, मागच्या कुडाला तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या), परसात आंबा, शेवगा, सीताफळाची दोन झाडं, आणि रानात कापूस. झेंडू शेजारच्यांकडं बक्कळ असतो.

सासूबाईंची अट वेगळीच, भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही कारण मातीच्या भिंती आहेत, खिळा ठोकला की पोपडा येतो. फेविकॉलचा डबा नेऊ का? आणि रंगाचं काय करावं? यूट्यूबवर पाहिलं तर सगळे ग्लू गन आणि ग्लिटर पेपर घेऊन बसलेत. आपल्याकडचं काहीतरी सांगा.

कडबाकुट्टी

ताई तुमच्या गोठ्यात थर्माकोल पडलाय आणि तुम्ही इथं विचारायलात 😀

ज्वारीचं धाट घ्या. लहानपणी आम्ही त्याच्या बैलगाड्या, चष्मे, विमानं सगळं करायचो. वरची साल सोलली की आत पांढरा गाभा निघतो, हलका, नखानं दाबला तर दबतो, चाकूनं पाहिजे तसा कापता येतो. आणि गंमत म्हणजे चिकटवायला काहीच लागत नाही, सोललेल्या सालीच्याच बारीक काड्या करायच्या, त्या टोचून एक तुकडा दुसऱ्याला जोडायचा. चांदणी, घर, झुंबर, वाटलं तर अख्खा किल्ला होतो. दोन पेरांच्या मधला सरळ भाग तेवढा घ्यायचा, पेराजवळ गाभा कडक असतो तिथं काडी आत जात नाही, उगं लेकरांच्या बोटात घुसते.

धाट निवडताना बघून घ्या. बारीक गोल भोक दिसलं की समजायचं खोडकिडा लागलेला, आत सगळा लाल भुसा निघतो, असलं बाजूला टाका जनावरांना. मागच्या सालचा कडबा असेल तर दोन दिवस कडक उन्हात पसरा आणि झटका, नाहीतर धुळीनं लेकरं शिंकत बसतात. पावसात भिजून काळा पडलेला घेऊच नका, त्याला बुरशी असते.

एक महत्त्वाचं, सालीची कड ब्लेडसारखी असते. खरंच कापते, आणि कापल्यावर लगेच कळत पण नाही, मग लिंबू लावल्यावर कळतं. साल सोलायचं काम नववीतल्या पोराला आणि मोठ्यांना, लहान्यांना फक्त तयार गाभा आणि बोथट केलेल्या काड्या द्या.

उदगीरची_मावशी

आकाशकंदील तुराट्यांचा कर गं बाई. आमच्याकडं बांबूच्या कामट्या विकत आणायला कुणाकडं पैसे होते, कुडातल्या सरळ तुराट्या काढायच्या आणि चांदणी बांधायची. हातभर लांबीच्या दहा काड्या सारख्या कापून घे. पाच काड्यांची एक चांदणी, एकावर एक आडव्या तिडव्या टाकून पाच टोकं बांधायची, अशा दोन. मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त टोकाला टोक बांध. आतमध्ये जिथं काड्या एकमेकींवरून जातात अशा पाच जागा दिसतील, तिथं चार बोटं लांबीच्या पाच काड्या दोन्ही चांदण्यांच्या मधात उभ्या अडकवायच्या, की चांदणी फुगते. दोरा साधा शिवणाचा नको, पोत्याचा सुतळीचा धागा उकलून घे, तो सरकत नाही. तुराटी वाळलेली असली की वाकवली तर मोडते म्हणून जबरदस्ती करायची नाही, काडी वाकडी असेल तर दुसरी घ्यायची, कुडात काय कमी आहेत का.

फेविकॉल कामून न्यायचा? मैद्याची खळ कर. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळी न होता कालव आणि मंद आचेवर ढवळत राहा, पांढरं पाणी होतं ते पारदर्शक व्हायला लागलं आणि चमच्याला धरलं की उतरव. पूर्वी त्यात मोरचूद टाकायचे, कीड लागू नये म्हणून, पण ते विष आहे, लेकरांच्या हातात द्यायची खळ असली तर टाकायचं नाही. खळ दोन दिवसांत आंबते, रोज ताजी करायची, एवढंच.

कागद नसला तर आजोबांचं जुनं धोतर किंवा फाटकी सुती ओढणी घे. खळीत बुडवून पिळून ओलं असतानाच काड्यांवर ताणून बसवायचं, वाळलं की ढोलकीवाणी टणक होतं. वहीचा कोरा पांढरा कागद पण चालतो, त्याच्या पाठीमागून बोटानं थोडं तेल चोळलं की आरपार उजेड दिसतो. तेल खळ वाळल्यावर लावायचं बरंका, आधी लावलं तर कागद चिकटतच नाही.

बालाघाटी

मस्त धागा. आमच्याकडं धारूरच्या डोंगरात सध्या सीताफळांचा नुसता सुकाळ आहे, घरोघर बियांचे ढीग. काळ्याभोर चकचकीत बिया, धुऊन वाळवल्या की माळा काय सुंदर होतात. तुमच्या परसात दोन झाडं आहेत म्हणता मग काय पाहिजे. चिंचोके, गुलमोहराच्या लांब काळ्या शेंगा, शिरीषाच्या शेंगा (वाऱ्यानं खुळखुळ वाजतात, दारात टांगल्या की छान आवाज येतो). आणि डोंगराकडं गेलात तर लाल-काळ्या गुंजा, त्याच्या माळेची तर बातच और.

औषधवाला_नांदेड

बालाघाटी भाऊ, गुंजा अजिबात नको. चार वर्षांचं लेकरू आहे त्यांच्यात. गुंजेत अब्रिन नावाचं विष असतं, फार जहाल. अख्खी गिळली तर वरचं टणक कवच असल्यामुळं पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण माळ ओवायची म्हणजे तुम्ही भोक पाडणार, म्हणजे ते कवचच फोडणार, आणि दिसायला ती गोळीसारखी, लेकरू तोंडात घालणारच. तेच एरंडाच्या बियांचं, बांधावर एरंड सगळीकडं असतो आणि बिया नक्षीदार दिसतात म्हणून लेकरं गोळा करतात. आणि धोतऱ्याची काटेरी बोंडं पण सजावटीला कुणी आणू देऊ नका.

सीताफळाच्या बिया तशा अख्ख्या हाताळल्या तर काही होत नाही, पण फोडायच्या, चावायच्या नाहीत. आपल्याकडं उवा मारायला त्याची पूड डोक्याला लावतात आणि ती डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते, हे डोळ्यांचे डॉक्टर चांगलं ओळखतात. म्हणून भोक पाडत बसू नका, पूड उडते. खळीनं कागदावर किंवा जुन्या करवंटीवर चिकटवा, नक्षी छान होते. चिंचोके बिनधास्त वापरा.

माफ करा, लंबं झालं. पण दवाखान्याच्या समोर दुकान असलं की दिवाळीत काय काय बघावं लागतं ते आम्हालाच माहिती.

बालाघाटी

बरं झालं सांगितलंत. गुंजा कॅन्सल. 🙏

अर्धापूरकर

केळीचे खांब राहिलेच की! तुमच्या भागात केळी असेल तर बघा, आमच्याकडं घड उतरवला की खांब तसाही तोडूनच टाकतात, मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. दाराच्या दोन्ही बाजूला उभे करायचे ते तर सगळेच करतात, मी दुसरं सांगतो. खांबाचे वीतभर उंचीचे तुकडे कापा, खालून सपाट, आणि वरच्या बाजूला पणती बसेल एवढी वाटी कोरा. तो पणतीचा स्टँड झाला. जड असतो, लेकराचा पाय लागला तरी पटकन कलंडत नाही, आणि आत पाणीच पाणी असल्यामुळं वात खाली आली तरी पेट घेत नाही. अंगणात दहा-बारा लावून बघा.

फक्त चीक. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो मरेपर्यंत जात नाही, आमच्या घरात सगळ्यांचे एक-एक शर्ट त्यासाठी वेगळे ठेवलेले आहेत. दिवाळीचे नवे कपडे घालायच्या आधी हे काम उरकून घ्या नाहीतर जाऊबाईशी भांडण ठरलेलं.

तीन-चार दिवसांनी तुकडे मऊ पडतात आणि वास यायला लागतो, मग उकिरड्यावर.

लातूर_लोकल

पाण्यात तरंगत्या पणत्या अजून कुणी सुचवल्या नाहीत यावरून कळतं की सगळे आपल्याच भागातले आहेत 😂 आम्हाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं, घंगाळभर पाण्यात फुलं सोडायची म्हणलं की आमची आई अजून ओरडते.

सिरीयसली सांगायचं तर नव्या पणत्या वापरायच्या आधी पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा, नाहीतर निम्मं तेल पणतीच पिते. ते पाणी मग तुळशीला घालायचं.

गोदाकाठची

बापरे, एका दिवसात एवढं! धाटाचं मला आठवतच नव्हतं, मिस्टरांना दाखवलं तर ते आत्तापासूनच बैलगाडी करायच्या गोष्टी करायलेत, लेकरं राहिली बाजूला.

आता रंगाचं आणि टांगायचं सांगा ना कुणीतरी. आणि कापसाची फांदी फुलदाणीत ठेवलेली एका हॉटेलात पाहिली होती, फार छान दिसते, ती आणू का रानातून तोडून?

उदगीरची_मावशी

खिळा कशाला, वाड्यात खुंट्या असतील ना? आणि तुळया? तुळईला सुतळी टाकायची आणि तिच्यावरून सगळं सोडायचं. दिवळ्या असतील भिंतीत, त्या सगळ्यात सोप्या, आतून चुन्याचा हात द्यायचा, कडेनं गेरूची बोटभर पट्टी ओढायची आणि आत एक पणती. सगळी सजावट एकीकडं आणि सात-आठ दिवळ्या एकीकडं. आणि सासूबाई पण खूश, त्यांच्या भिंतीला काही झालं नाही.

रंगाला गेरू, चुना आणि चुलीचा कोळसा वाटून. पिवळ्याला हळद. हळदीच्या पाण्यात नखाच्या टोकाएवढा पानाचा चुना घातला की डोळ्यासमोर लाल होतं, कुंकू पूर्वी असंच करायचे, लेकरांना ही जादू दाखव, पण चुना तू टाक, त्यांच्या हातात देऊ नको, डोळ्यात गेला तर जाळतो. हळदीचा रंग उन्हात उडतो म्हणून तो आतल्या बाजूच्या वस्तूंना वापर. पालक-बीट वाटून रंग करायच्या भानगडीत पडू नको, दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो आणि माशा येतात.

धाटाच्या गाभ्याला पातळ रंग लावला तर तो पाणी पितो आणि मऊ पडतो. गेरू घट्ट कालवून फडक्यानं टिपायचा.

आणि अंगणात गवळणी मांडता की नाही तुमच्याकडं? आमच्याकडं दिवाळीत पहाटे सडा-सारवण झालं की शेणाच्या गवळणी, पांडव मांडतात, डोक्यावर झेंडूचं एक-एक फूल खोचतात. लेकरांना शेणात हात घालायला सुरुवातीला कसंतरी वाटतं, नंतर उठवून उठत नाहीत. सासूबाईंना विचार, त्यांना नक्की येत असणार, आणि त्यांना विचारलं याचाच त्यांना जास्त आनंद होईल.

पांढरं_सोनं

कापसाच्या फांदीबद्दल. ताई राग मानू नका पण वेचणी चालू असताना उभं झाड मोडून फुलदाणीत ठेवायची कल्पना हॉटेलवाल्यालाच सुचू शकते. दिवाळीत पहिली-दुसरी वेचणी चालू असते, वरची बोंडं अजून फुटायची असतात, एक फांदी मोडली म्हणजे पुढच्या वेचणीचा माल गेला. सासरे तोंडावर काही बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील.

त्यापेक्षा वेचून झालेली खालची फांदी घ्या, तिच्यावर रिकामी नख्यांची बोंडं असतात, म्हणजे पाकळ्या उघडलेल्या लाकडी फुलासारखं ते दिसतं. आणि बोंडअळीनं खराब केलेला कवडी कापूस असतोच प्रत्येकाच्या घरी, भाव नाही त्याला, तो त्या रिकाम्या बोंडात परत चिकटवून द्या, थोडा पिवळट असतो पण रात्री दिव्यात कुणाला कळतंय. बोंडाची टोकं टोचतात, दाभणासारखी असतात, तेवढं बघा. अख्खी पऱ्हाटी फेब्रुवारीत उपटली की पाहिजे तेवढी न्या, ट्रॅक्टर भरून देतो.

बीडचा_पुण्यात

मोसंबीच्या चकत्या कुणी केल्या नाहीत का? जालन्याची मोसंबी या दिवसात स्वस्त असते. आडव्या पातळ चकत्या कापायच्या, बिया काढायच्या, दोन्ही बाजूंनी फडक्यानं टिपून पेपरवर उन्हात टाकायच्या, रोज उलटायच्या. ऊन चांगलं असेल तर चार-पाच दिवसांत कडकडीत होतात, आणि दिव्याच्या समोर धरल्या की रंगीत काचेची खिडकी बघितल्यासारखं वाटतं. जाड कापल्या तर मधात ओल राहते आणि बुरशी येते. मुंग्या लागतात म्हणून ताट पाण्याच्या परातीत ठेवा (लातूर_लोकल, वाटीभर पाण्यात होतं रे).

पिंपळाचं जाळीचं पान पण करता येतं पण ते आता जमणार नाही. पानं पाण्यात बुडवून दोन-तीन आठवडे ठेवावी लागतात, मधून मधून पाणी बदलत, वास मरणाचा येतो, मग हिरवा भाग कुजून सुटतो आणि जुन्या टूथब्रशनं हलकं घासलं की फक्त शिरांची जाळी उरते. ते उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवा. आत्ता करायचं असेल तर परातीत माती पसरून हाळीव टाका, गावाला पोचल्या दिवशी टाकलं तर लक्ष्मीपूजनापर्यंत बोटभर हिरवं होतं, लेकरांच्या किल्ल्यावर किंवा धाटाच्या बैलगाडीसमोर रान म्हणून.

झेंडूच्या तोरणाचं एकच सांगतो, सुई फुलाच्या मधून न घालता देठाच्या हिरव्या भागातून घाला, फूल सुकलं तरी गळत नाही. आणि भाऊबीजेनंतर वाळलेली फुलं टाकू नका, पाकळ्यांच्या बुडाशी ज्या काळ्या काड्या असतात तेच बी, जूनमध्ये परसात टाकायचं. हायब्रीड झेंडू असेल तर फुलं तशीच येतील याची गॅरंटी नाही पण येतात.

गोदाकाठची

पांढरं_सोनं दादा, राग कशाचा, बरं झालं आधी विचारलं. रिकाम्या बोंडांचंच करू.

शेवटचा प्रश्न, मावशी, तुराट्यांच्या चांदणीत आत पणती ठेवतात का बल्ब? गावात संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही.

उदगीरची_मावशी

पणती मुळीच नाही! वाळलेली तुराटी, वर तेल लावलेला कागद, काय बोलायलीस. पूर्वी पणती ठेवायचे तो कंदील वेगळा असायचा, मोठा आणि वरून उघडा, आणि खाली कुणीतरी म्हातारं राखण बसलेलं असायचं.

औषधवाला_नांदेड

मावशींचं बरोबर. एलईडी बल्ब लावा, ५ किंवा ९ वॅटचा, जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब नको, तो कागद तापवतो. होल्डर चांदणीच्या काड्यांना टेकू देऊ नका, वरून वायरनं मोकळा लोंबता ठेवा. लाईट जाते म्हणता तर बॅटरीचा इन्व्हर्टर बल्ब मिळतो, लाईट असताना चार्ज होतो आणि गेली की काही तास चालतो, संभाजीनगरहून निघतानाच घेऊन जा. विकत काही आणायचं नाही ही तुमची अट मोडते, पण तेवढं चालवून घ्या.

आणि धाटाच्या वस्तू, कापूस, सगळं पणत्यांपासून लांब, खुंटीवर उंच. फटाके गोठ्याकडं नकोत, कडबा तिथंच आहे.

कडबाकुट्टी

बैलगाडीचा फोटो टाका ताई, चाकं गोल झाली का बघायचंय. गोल होत नसतील तर मिस्टरांना सांगा, चाकाला गाभा नाही वापरत, साल भिजवून वाकवायची.